लेक शिकायला निघाली. शिदोरीत काय बांधाल?

मृग बरसून गेला. ज्यांच्याकडे पाऊस वेळेवर झाला त्यांच्या पेरण्या उरकल्या. बाकीचे अजून ढगाकडे डोळे लावून बसले आहेत. याच दिवसांत घरोघरी दुसरीही एक लगबग चालू असते. बारावी झालेली मुलेमुली पुढच्या शिक्षणाला निघतात. कुणी पुण्याला, कुणी कोल्हापूरला, कुणी परभणी-अकोल्याला. कुणाचे नाव यादीत लागले, कुणाचे लागायचे आहे. आई चटणीचे डबे भरते, बाप दाखल्यांसाठी कचेरीच्या खेपा घालतो, आणि पोर मनातल्या मनात घाबरते. पण बोलत नाही.

या न बोलण्याबद्दलच आज लिहायचे आहे. कारण गेल्या आठवड्याच्या टपालात एका शेतकरी बंधूंचे पत्र आले. नावगाव छापू नये असे त्यांनी कळवले आहे. पत्राचा गोषवारा असा :

"मास्तर, आमची तीन एकर जमीन. थोरला मुलगा दोन वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगला गेला. त्याच्यासाठी दुभती म्हैस विकली. पोरगा दर आठ दिवसांनी फोन करायचा, 'बरं चाललंय' म्हणायचा. पहिल्याच परीक्षेत त्याचे चार विषय राहिले होते, ते आम्हाला कळलेच नाही. दुसऱ्या परीक्षेला तो बसलाच नाही. उन्हाळ्यात घरी आला तो परत गेला नाही. आता शेतात राबतो, पण मान वर करून बोलत नाही. आम्ही त्याला एका शब्दाने दुखावले नाही. आता धाकटी मुलगी कृषी महाविद्यालयात जायचे म्हणते. मार्क चांगले आहेत, पण माझी छाती होत नाही. भावकी म्हणते, एकाचे झाले तेवढे पुरे नाही का? तिला पाठवावी का? आणि पाठवली तर काय सांगून पाठवू?"

दादा, पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देतो : पाठवा. दुसऱ्याला मात्र जरा वेळ लागेल. ते उत्तर तुमच्याबरोबर इतर वाचकांनाही उपयोगी पडेल, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी माझीच गोष्ट सांगतो. १९७६ साली मी आमच्या गावातून जिल्ह्याच्या कॉलेजात गेलो. घरात शिकलेले कुणी नाही. पहिल्या तासाला सर इंग्रजीतून बोलायला लागले आणि माझ्या डोक्यावरून पाणी गेले. शेजारची मुले माना हलवीत होती, म्हणून मीही हलवली. दर आठवड्याला घरी कार्ड टाकायचो : 'मी खुशाल आहे, अभ्यास चांगला चालू आहे.' सहामाही परीक्षेत दोन विषयांत नापास झालो, तरी कार्डावरचा मजकूर तोच. एक दिवस वडील भाकरीचे गाठोडे घेऊन अचानक आले. निकाल बोर्डावर लागलेला. वडिलांना वाचता येत नव्हते. त्यांनी शिपायाला विचारले, 'आमच्या पोराचं नाव कुठंशी हाय?' शिपायाने यादी दोनदा पाहिली आणि सांगितले, 'बाबा, पासात नाव नाही.'

मी खोलीवर अंग चोरून उभा होतो. वाटले, आता मार बसणार नाहीतर गाठोडे बांधून घरी नेणार. वडिलांनी पाणी प्यायले आणि एवढेच म्हणाले, "पिकावर रोग पडला की आपण चार जणांना इचारतो. तू कुणाला इचारलंस रं?"

मी कुणालाच विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी सरांकडे गेलो. त्यांनी रोज संध्याकाळी अर्धा तास द्यायचे कबूल केले आणि वर्षअखेर मी पास झालो. हुशारी काही एका रात्रीत वाढली नव्हती. फक्त झाकलेली मूठ उघडली होती. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण बाजारात चालते. शिक्षणात ती चालत नाही.

पोर का बोलत नाही?

दादा, तुम्ही लिहिता, आम्ही मुलाला एका शब्दाने दुखावले नाही. ते खरेच असणार. पण निघताना त्याला काय काय सांगितले होते ते आठवून पाहा. 'तुझ्यासाठी म्हैस विकली, विसरू नको.' 'घराण्याचं नाव काढ.' 'भावकीला दाखवून दे.' असे आपण सगळेच प्रेमाने बोलतो. पण अठरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर ते ओझे होऊन बसते. विषय राहिला की त्याला पुस्तक दिसत नाही, रिकामा गोठा दिसतो. मग फोनवर 'बरं चाललंय' यापलीकडे शब्द फुटत नाही. तो लबाड नव्हता, दादा. त्याला तुमची लाज राखायची होती.

मुलीच्या बाबतीत तर आणखी एक गाठ असते. मुलीला पक्के ठाऊक असते की अडचण सांगितली तर घरचे अडचण दूर करणार नाहीत, शिक्षणच बंद करतील. बसमध्ये कुणी त्रास दिला, खोलीवरच्या मुलींशी पटले नाही, एखादा विषय राहिला, काहीही असो. 'बघ, आम्ही म्हणत नव्हतो? चल घरी' हे उत्तर तिला आधीच ऐकू येते. म्हणून ती गप्प बसते, आणि गप्प बसल्याने लहान अडचण मोठी होते.

तेव्हा शिदोरीत पहिली गोष्ट बांधायची ती ही. निघण्याच्या आदल्या रात्री तुम्ही आणि तिची आई, दोघांनी तिला समोर बसवून सांगा : "तू फोनवर काहीही सांगितलंस तरी त्यापायी तुझं शिक्षण बंद करणार नाही. नापास झालीस तरी सांग, घाबरलीस तरी सांग, पैसे संपले तरी सांग. आपण मिळून वाट काढू." हे नुसते बोलून भागणार नाही, ते पाळावे लागेल. पहिल्यांदा ती काही वाईट बातमी सांगेल तेव्हा तुमची खरी परीक्षा असेल. त्या वेळी आवाज चढला, तर पुढची बातमी तुम्हाला कधीच कळणार नाही.

पहिला महिना खुरपणीचा

आता लेकीशी बोलतो. बाई, सोयाबीन पेरल्यापासून काढणीपर्यंत साधारण शंभर दिवस. तुझे पहिले सत्रही जवळजवळ तेवढेच असते. पूर्वीसारखी वर्षाकाठी एकदा परीक्षा आता नाही. आणि पिकात पहिल्या महिना-दीड महिन्यात तण काढले नाही, तर पुढे कितीही खत टाकले तरी उतारा येत नाही, हे तू शेतात पाहिले आहेस. कॉलेजचेही तसेच. पहिल्या महिन्यात जे समजले नाही ते त्याच आठवड्यात विचार. दिवाळीच्या तोंडावर अभ्यासाला बसू म्हणशील, तर तण डोक्यावर गेलेले असेल.

कृषी पदवीचा अभ्यास चार वर्षांचा, आठ सत्रांचा आणि इंग्रजीतून असतो. अकरावी-बारावीची पुस्तके इंग्रजीत असली तरी आपल्याकडे सर मराठीत समजावून सांगतात. तिथे तसे होईलच असे नाही. पण घाबरू नकोस. पुष्कळ गोष्टी तुला आधीपासून येतात, फक्त त्यांचे नाव नवे असते. 'जर्मिनेशन' म्हणजे बियाणाची उगवण. 'ट्रान्सप्लांटिंग' म्हणजे रोपांची लावणी. 'इंटरक्रॉपिंग' म्हणजे तुझ्या आजीने कपाशीत तुरीचे तास घातले होते ना, तेच. एक वही कर. रोज दहा शब्द लिही, समोर आपला मराठी शब्द लिही. दिवाळीपर्यंत हजार शब्द होतात. शहरातल्या मुलीला शब्द येत असेल, पण तुरीचे तास तिने पाहिलेले नसेल. तिच्याकडून शब्द घे, तिला तास दाखव. अशीच मैत्री टिकते.

आणखी चार गोष्टी ध्यानात ठेव. पहिली, हजेरी. साधारण पंचाहत्तर टक्के हजेरी लागते, काही ठिकाणी त्याहून जास्त. सणवार, लग्नकार्य आणि जत्रा यांसाठी उठसूट घरी येऊ नकोस; घरच्यांनीही बोलावू नये. दुसरी, प्रॅक्टिकल, वह्या आणि मधल्या चाचण्या यांचेही गुण असतात. ते हातचे गुण आहेत, सोडू नकोस. तिसरी, नोटीस बोर्ड रोज वाच. अर्जाची मुदत मैत्रिणीच्या तोंडून कळेल म्हणून थांबू नकोस. चौथी, विषय राहिला तर जग बुडत नाही. नियमात बसत असेल तर राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्गात जाता येते, त्यालाच मुले एटीकेटी म्हणतात. पण तो किती विषयांना चालतो, परत परीक्षा कधी, फॉर्म कधी भरायचा, हे कार्यालयात जाऊन स्वतः विचारायचे असते.

कागदांची पिशवी

दादा, हे काम तुमचे. दहावी-बारावीची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर. प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स काढा. मूळ कागद कॉलेजात दिला तर पोच घ्या आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा. नॉन-क्रीमीलेअरवर मुदतीची तारीख असते, ती वाचा. जात वैधतेला वेळ लागतो, म्हणून ज्यांची मुले आज अकरावीत आहेत त्यांनी आजच अर्ज करावा. मुलीचे बँक खाते आधारला जोडलेले आहे की नाही हेही बँकेत जाऊन तपासा. शिष्यवृत्तीचे पैसे आता त्याच वाटेने येतात. खाते जोडलेले नसले, तर मंजूर झालेला पैसाही अडकून पडतो.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरावा लागतो, आणि तो दरवर्षी भरावा लागतो. एकदा भरला म्हणजे झाले, असे समजून कितीतरी मुलांचे दुसऱ्या वर्षाचे पैसे बुडतात. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला, या त्यातल्या मुख्य अटी. कोणत्या प्रवर्गांना ही माफी लागू आहे ते कॉलेजात विचारून घ्या. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत मिळत नाही. तेव्हा 'जागा मिळवून देतो' म्हणणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका.

तुमची जमीन तीन एकर, म्हणजे दोन हेक्टरांच्या आत. तहसील कचेरीतून अल्पभूधारक असल्याचा दाखला काढून घ्या. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. पंजाबराव देशाचे कृषिमंत्री होते आणि विदर्भात त्यांनी शिक्षणाचे मोठे काम उभे केले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. आपली मुलगी अटींत बसते का हे कॉलेजच्या कार्यालयात नक्की विचारा. न विचारल्यामुळे हातचा हक्क सुटणे, हे आपल्या लोकांचे जुने दुखणे आहे.

पैशाचे खरे बोला

फी माफ म्हणजे खर्च माफ नव्हे. खानावळ, खोली, पुस्तके आणि झेरॉक्स, प्रवास, मोबाईलचा रिचार्ज, औषधपाणी, अशा सहा ओळी कागदावर लिहा. तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलीला विचारून प्रत्येक ओळीपुढे आकडा घाला. शेजारी दुसरा कागद घ्या आणि आपल्या घरात पैसा कोणत्या महिन्यात येतो ते लिहा. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला, कपाशीचा त्यानंतर, उसाचे बिल कारखाना सुरू झाल्यावर. पण कॉलेजचा खर्च पावसाळ्यातच सुरू होतो आणि शिष्यवृत्ती येईल तेव्हा येते. मधला हा खड्डा किती महिन्यांचा आहे ते आधी कळले, तर त्याची तजवीज होते. दुधाचा पगार असेल तर त्यातली ठराविक रक्कम महिन्याच्या ठराविक तारखेला मुलीच्या खात्यावर टाका. थोडी असेल तरी चालेल, पण वेळेवर टाका.

हे दोन्ही कागद मुलीसमोर बसून करा. 'तू अभ्यास कर, पैशाची काळजी आमची' असे आपण म्हणतो खरे. पण पोरांना घरची परिस्थिती दिसत नाही थोडीच? अर्धवट ठाऊक असले की ती एक वेळचे जेवण सोडतात आणि आपल्याला सांगत नाहीत. पूर्ण हिशोब ठाऊक असला की शहाण्यासारखी वागतात. आणि बाई, तूही रोजचा खर्च वहीत लिही. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरे. पण अंथरूण कमी पडले तर पाय आखडून रात्र काढू नकोस, घरी सांग.

कर्ज काढायची वेळ आलीच, तर सावकाराच्या दारात जाण्याआधी बँकेत जा. बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सहसा जमीन तारण मागत नाहीत; पालकाला सहकर्जदार व्हावे लागते. फेड शिक्षण संपल्यानंतर सुरू होते, पण व्याज आधीपासून चढत असते, हे विसरू नका.

कष्ट करून शिकण्यात कमीपणा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने 'कमवा आणि शिका' हा मार्ग महाराष्ट्राला दाखवला. आज अनेक विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत त्याच नावाची योजना आहे. ग्रंथालयात, बागेत किंवा कार्यालयात काही तास काम केले की मोबदला मिळतो. आणि आपल्या मुलांनी परगावी राहून शिकावे म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहे काढली. तेव्हा, बाई, वसतिगृहात राहताना आपण कुणाच्या उपकारावर आहोत असे समजू नकोस. ती वाट तुझ्यासाठीच कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी पाडून ठेवली आहे.

त्रास झाला तर

वरच्या वर्गातली मुले नव्यांना 'ओळख करून दे' म्हणून छळतात, त्याला रॅगिंग म्हणतात. ती थट्टा नाही, गुन्हा आहे. महाराष्ट्रात १९९९ सालापासून त्याविरुद्ध कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय कॉलेजातून नाव कमी होते. तसे काही घडले तर त्याच दिवशी रेक्टरना किंवा प्राचार्यांना लेखी सांगायचे. देशभरासाठी १८००-१८०-५५२२ हा फुकट फोन चोवीस तास चालू असतो. आणि मन खचले, झोप उडाली, नको नको ते विचार येऊ लागले, तर १४४१६ या टेलिमानस सेवेच्या फोनवर बोलता येते, तेही फुकट. ताप आल्यावर डॉक्टरकडे जातो तसेच हे. हे दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. कधी लागले नाहीत तर उत्तमच.

घरी फोन करशील तेव्हा 'जेवलीस का, बरी आहेस का' एवढ्यावर थांबू नका, दोघेही. दादा, आठवड्यातून एकदा तिला विचारा, 'या आठवड्यात काय समजलं नाही?' तुम्हाला उत्तरातला विषय कळणार नाही, न कळू दे. माझ्या वडिलांना तरी रसायनशास्त्र कुठे कळत होते? पण त्यांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता.

आणि थोरल्याचे काय?

दादा, तुमच्या पत्रात मुलीबद्दल चार ओळी आहेत. पण पत्र मुलाच्या दुःखाने भरलेले आहे. म्हणून न विचारता सांगतो. त्याचे दोन वर्षे बुडाली, आयुष्य बुडालेले नाही. त्याला घेऊन एकदा कॉलेजात जा. जे विषय तो पास झाला त्यांचे काय होईल, पुन्हा प्रवेश मिळेल का, ते विचारा. मिळत असेल आणि त्याची इच्छा असेल, तर परत पाठवा. इंजिनिअरिंग नकोच म्हणत असेल, तर शेती करता करता पदवी घेता येते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालापासून त्यासाठीच चालू आहे. आणि त्याला शेतीच करायची असेल तर तीही मान वर करून करू द्या.

पण त्याआधी एक करा. बांधावर बसून त्याला सांगा की म्हैस आम्ही आमच्या मर्जीने विकली होती, तिचा हिशोब तुझ्याकडे नाही. आणि बहिणीला सोडायला त्यालाच बरोबर पाठवा. कुठे अडलो, कुणाला विचारायला हवे होते, हे तिला त्याच्याइतके नीट कुणीच सांगू शकणार नाही. ठेच लागलेल्या माणसालाच वाटेतला दगड ठाऊक असतो.

शेवटच्या वर्षी तुमच्या लेकीला ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी एखाद्या गावात जाऊन शेतकऱ्यांबरोबर काम करावे लागेल. कुणाच्या तरी बांधावर उभी राहून ती विचारील, 'काका, पिकावर काय पडलंय?' ते काका मोकळेपणी सांगतील, कारण विचारणारी मुलगी आपल्यातलीच असेल.

भावकीला आत्ता काही उत्तर देऊ नका. चार वर्षांनी लेकच देईल.

पुढच्या वेळी वसतिगृह आणि भाड्याची खोली यांतले काय निवडावे, याबद्दल आलेल्या पत्रांना उत्तरे देईन. ज्यांची मुले सध्या बाहेरगावी शिकत आहेत त्यांनी आपला अनुभव जरूर कळवावा. एकाचा अनुभव दुसऱ्याला ठेच लागण्यापासून वाचवतो.